कोइनोनिया : नव्या करारातील भागीदारीची कल्पना

कोइनोनिया हे ग्रीक नाम नव्या करारात 19 वेळा येते. त्यांपैकी 13 वेळा ते पौलाच्या पत्रांत आहे. उरलेले प्रयोग योहानाचे पहिले पत्र, प्रेषितांची कृत्ये आणि इब्री लोकांस पत्र यांत विखुरलेले आहेत. चारही शुभवर्तमानांत हे नाम एकदाही नाही. त्याच्या मुळाशी ‘कोइनोस’ हे विशेषण आहे. सामाईक विहीर किंवा सामाईक भिंत असे म्हणताना ‘सामाईक’चा जो अर्थ मनात असतो, तोच त्याचा अर्थ. त्यापासून ‘कोइनोनोस’ म्हणजे वाटेकरी, ‘कोइनोनेओ’ म्हणजे वाटा घेणे किंवा वाटा देणे, आणि ‘कोइनोनिया’ म्हणजे त्या वाटेकऱ्यांमधले नाते असे शब्द तयार झाले. लूकच्या शुभवर्तमानात याकोब आणि योहान हे शिमोन पेत्राचे ‘कोइनोनोय’ आहेत, म्हणजे मासेमारीच्या धंद्यातले भागीदार. शब्दाचा रोजच्या व्यवहारातला अर्थ तिथे निर्भेळ दिसतो.

या मुळाला आणखी एक अंग आहे. जे सर्वांचे, ते पवित्र म्हणून राखून ठेवलेले नव्हे, अशा विचाराने यहुदी ग्रीकमध्ये ‘कोइनोस’ला ‘विटाळलेले’ असाही अर्थ आला. मार्कच्या सातव्या अध्यायातील न धुतलेले हात ‘कोइनोस’ आहेत. यापोच्या गच्चीवर पेत्राला दृष्टान्त होतो, तेव्हा जे कोइनोस ते आपण कधीच खाल्ले नाही असे तो सांगतो. सामाईक आणि विटाळ हे दोन अर्थ एकाच मुळात नांदतात. पुढे यहुदी आणि परराष्ट्रीय एका पंगतीला बसावेत की नाही यावरून पहिल्या मंडळीत जो तंटा झाला, तो समजून घेताना हे लक्षात ठेवावे लागते.

व्याकरणाची एक गोष्ट सुरुवातीलाच नोंदवायला हवी, कारण अर्थाचे बरेचसे वाद तिच्यावर अवलंबून आहेत. हा शब्द सहसा षष्ठीतील नामाबरोबर येतो आणि ते नाम बहुतेक वेळा ‘कशात वाटा’ ते सांगते. दोन माणसांचा नुसता लळा किंवा मैत्री म्हणजे कोइनोनिया नव्हे. दोघांच्या मध्ये एक तिसरी गोष्ट असते. ती जाळे असेल, शेत असेल, रोटी असेल किंवा दुःख असेल. तिच्यात दोघांचा वाटा असतो म्हणून ते एकमेकांचे होतात. ही तिसरी गोष्ट विसरली की शब्द पातळ होतो, आणि आजच्या चर्चच्या बोलण्यात तो पुष्कळदा तसा झालेला आहे.

ग्रीक जगात हा शब्द तत्त्वज्ञांच्या ग्रंथांत होता, तसा करारनाम्यांतही होता. प्रत्येक नगरराज्य ही एक कोइनोनिया आहे, या विधानाने ॲरिस्टॉटलचा राज्यशास्त्रावरील ग्रंथ सुरू होतो. नीतिशास्त्रावरील ग्रंथात तो मैत्रीची चर्चा करताना जहाजावरचे सहप्रवासी आणि सैन्यातले सोबती यांचा दाखला देतो आणि मित्रांचे सारे सामाईक असते, ही जुनी म्हण उद्धृत करतो. प्लेटोच्या ‘गॉर्गियस’ संवादात तर स्वर्ग, पृथ्वी, देव आणि माणसे यांना कोइनोनियानेच एकत्र बांधले आहे, असे सॉक्रेटिस म्हणतो. दुसरीकडे, मिसरच्या वाळूत टिकून राहिलेल्या पपायरसांवर हाच शब्द भागीच्या धंद्याच्या कागदांत आढळतो, आणि लग्नाच्या करारांत पतिपत्नीच्या ‘जीवनाच्या कोइनोनिया’चा उल्लेख येतो. पौलाच्या वाचकांना तो बाजारातून, घरातून आणि नगरसभेतून आधीच ओळखीचा होता.

हिब्रू शास्त्रग्रंथांच्या ग्रीक भाषांतरात, म्हणजे सेप्टुआजिंटमध्ये, तो क्वचितच येतो. तिथे माणसांची आपसांतली भागी असते, पण माणूस देवाचा वाटेकरी आहे असे इस्राएलचे शास्त्र म्हणत नाही. देव आणि माणूस यांच्यामधले अंतर तिथे कसोशीने राखलेले आहे. अलेक्झांड्रियाचा यहुदी तत्त्वज्ञ फिलो हा ग्रीक संस्कारांमुळे ते अंतर ओलांडतो. सामाईक मालमत्तेचा आचार मात्र यहुदी जगात होता. एसीन पंथाची एकच तिजोरी असे, असे फिलो आणि यहुदी इतिहासकार योसेफस दोघेही सांगतात. मृत समुद्राकाठी कुमरान येथे सापडलेल्या नियमपुस्तकात याची रीत दिली आहे. पहिल्या वर्षी उमेदवाराला संघाच्या मालमत्तेत वाटा मिळत नसे. पुढच्या टप्प्यावर त्याची चीजवस्तू कारभाऱ्याकडे जमा होई आणि त्याच्या नावावर लिहून ठेवली जाई, पण खर्चली जात नसे. दुसरे वर्ष पार पडून तो पक्का सभासद झाला, की मगच ती संघाच्या मालमत्तेत मिसळे.

पौलाने हा शब्द उचलला आणि त्याला कामाला लावले. त्याचा सर्वांत ठोस उपयोग एका वर्गणीच्या संदर्भात होतो. यरुशलेमेत याकोब, केफा (म्हणजे पेत्र) आणि योहान यांनी पौलाला व बर्णबाला ‘कोइनोनियाचा उजवा हात’ दिला, असे गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. परराष्ट्रीयांमधले काम पौलाचे आणि सुंता झालेल्यांमधले त्यांचे, अशी वाटणी ठरली. सोबत एकच गोष्ट घातली गेली, ती म्हणजे तिथल्या गरिबांची आठवण ठेवावी. पौलाने ही गोष्ट पुढची कित्येक वर्षे धरून ठेवली. करिंथच्या मंडळीला त्याने सांगितले की, आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावे, म्हणजे तो आल्यावर ऐनवेळी वर्गणी गोळा करावी लागणार नाही. मासेदोनियाच्या मंडळ्या स्वतः हलाखीत होत्या. तरी त्यांनी या ‘सेवेच्या कोइनोनिया’त भाग मिळावा म्हणून पौलाची विनवणी केली, असे करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात येते.

आठवा आणि नववा हे दोन अध्याय लक्षपूर्वक वाचले तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. दोन्ही अध्याय पैसे गोळा करण्याविषयीच आहेत, तरी त्यांत ‘पैसा’ हा शब्द कुठेच नाही. त्याच्या जागी कृपा, सेवा, आशीर्वाद, औदार्य आणि कोइनोनिया हे शब्द येतात. पौल संकोचामुळे पैशाचे नाव टाळतो असे मानण्यापेक्षा, त्याच्या दृष्टीने ती रक्कम म्हणजेच कृपेने घेतलेले रूप होते असे मानणे अधिक पटते. देणाऱ्यांची ओढाताण व्हावी असे त्याचे म्हणणे नाही. त्याला समानता हवी आहे. आज एकाची विपुलता दुसऱ्याची उणीव भरून काढील, उद्या उलट होईल. पुरावा म्हणून तो रानातल्या मान्न्याची गोष्ट देतो, ज्यात जास्त गोळा करणाऱ्याला जास्त उरले नाही आणि कमी गोळा करणाऱ्याला कमी पडले नाही.

रोमकरांस पत्राच्या पंधराव्या अध्यायात कोइनोनिया हा शब्द थेट जमवलेल्या निधीलाच लावलेला आहे. मासेदोनिया आणि अखया यांनी यरुशलेमेतील गरीब पवित्र जनांसाठी ‘काही कोइनोनिया’ केली, असे पौल लिहितो. लगेच त्यामागचा हिशेबही तो मांडतो. परराष्ट्रीयांना यहुद्यांच्या आध्यात्मिक ठेव्यात वाटा मिळाला, तेव्हा ऐहिक गोष्टींत त्यांची सेवा करणे हे त्यांच्यावरचे ऋण आहे. मदत देणारा वरचा आणि घेणारा खालचा, ही उतरंड इथे टिकत नाही, कारण आधी घेतले आहे ते देणाऱ्यानेच. या देण्याविषयी पौलाला मोठी धास्ती होती. यरुशलेमेने ती मदत स्वीकारावी म्हणून प्रार्थना करा, अशी विनंती तो रोमच्या मंडळीला करतो. तो यरुशलेमेत पोहोचला आणि तिथे त्याला अटक झाली. त्या पैशाचे काय झाले, हे नवा करार सांगत नाही.

फिलिप्पैकरांस पत्रात हाच व्यवहार उबदार सुरात येतो. फिलिप्पै ही मासेदोनियातील रोमन वसाहत. तिथे पौलाचे पहिले ऐकले ते थुवतीराच्या लुदियाने, जी जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करत असे. ही मंडळी पहिल्या दिवसापासून शुभवर्तमानाच्या कामात कोइनोनिया करत आली, म्हणून पौल तुरुंगातून देवाचे आभार मानतो. चौथ्या अध्यायात तो सरळ जमाखर्चाची भाषा वापरतो. देण्याघेण्याच्या बाबतीत दुसरी कोणतीही मंडळी आपल्याशी भागीदार झाली नाही, आपल्याला देणगीचा लोभ नाही, तर तुमच्या खात्यावर जमा होणाऱ्या फळाची इच्छा आहे, असे तो म्हणतो. शेवटी एपफ्रदीताच्या हातून आलेल्या वस्तू मिळाल्याचे तो कळवतो तेव्हा, त्या काळच्या पावत्यांवर ‘पूर्ण भरून पावलो’ अशा अर्थाने लिहीत, तेच क्रियापद वापरतो. त्याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात मात्र त्याला ख्रिस्ताच्या दुःखांची कोइनोनिया हवी आहे. पावती आणि क्रूस एका पत्रात, एकाच शब्दाच्या कक्षेत येतात. पौलाच्या विचारातली ही झेप मोठी आहे.

फिलेमोनास लिहिलेले पत्र जेमतेम 25 ओव्यांचे, पण या शब्दाचे सगळे वजन त्यात आहे. अनेसिम हा फिलेमोनचा गुलाम. तो पौलाकडे आला आणि विश्वासू झाला. पौल त्याला परत पाठवताना लिहितो की, फिलेमोन पौलाला ‘कोइनोनोस’ मानत असेल, तर त्याने अनेसिमाचे स्वागत प्रत्यक्ष पौलाचे करावे तसे करावे. त्याने काही नुकसान केले असेल किंवा तो काही देणे लागत असेल, तर ते पौलाच्या खात्यावर मांडावे. मी फेडीन, हे पौल स्वतःच्या हाताने लिहून देतो. भागीदाराची जोखीम भागीदार उचलतो, हा धंद्यातला नियम तो मालक आणि गुलाम यांच्यामध्ये आणून ठेवतो. गुलामगिरी रद्द करा असे तो म्हणत नाही आणि यावरून त्याला दोष देणारे अभ्यासक आहेत. पण ज्याचे स्वागत पौलाच्या जागी होणार, त्याला पूर्वीसारखे वागवणे फिलेमोनला कितपत जमले असते, हा प्रश्न पत्र जाणूनबुजून उघडा ठेवते.

करिंथकरांस पहिल्या पत्राचा दहावा अध्याय हे या शब्दाचे दुसरे केंद्र. आशीर्वादाचा प्याला ही ख्रिस्ताच्या रक्ताची कोइनोनिया आणि मोडलेली भाकर ही त्याच्या शरीराची कोइनोनिया, असे पौल प्रश्नांच्या रूपात मांडतो. भाकर एक, म्हणून खाणारे अनेक असले तरी शरीर एकच. वाद मूर्तींना वाहिलेल्या मांसाचा होता. करिंथात देवळाच्या भोजनालयात मित्रांबरोबर जेवणे हा सामाजिक रिवाज होता. मूर्ती म्हणजे काहीच नाही, मग तिथे जेवले तर काय बिघडले, असा काहींचा युक्तिवाद. पौलाचे उत्तर असे की, जेवण कधीच नुसते जेवण नसते. इस्राएलात यज्ञबली खाणारे वेदीचे वाटेकरी होतात, तसे त्या देवळात जेवणारे भुतांचे वाटेकरी होतात. हा शब्द केवळ चांगल्या गोष्टींसाठी राखलेला नाही, हेही इथे कळते. पापात वाटा, अंधाराच्या कामांत वाटा, प्रकटीकरणातील बाबेलच्या पातकांत वाटा, हे सगळे याच शब्दकुळाने सांगितले आहे.

पुढच्याच अध्यायात पौल त्याच मंडळीला खडसावतो. सगळे एकत्र जमत, पण ज्यांना सवड आणि सुबत्ता होती ते आपले जेवण आधी उरकत. एक उपाशी राहे, दुसरा मस्त होई. हे प्रभुभोजन नव्हेच, असे पौल स्पष्ट म्हणतो. प्याल्यातली कोइनोनिया आणि ताटातली कोइनोनिया त्याच्या लेखी वेगळी नाही. या विषयावरचे पुष्कळसे धर्मशास्त्रीय लेखन दहाव्या अध्यायाशीच थांबते, ही त्याची मोठी उणीव आहे.

भारतात या अध्यायांचा कस जातीच्या प्रश्नावर लागला. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी 1833 मध्ये पत्रक काढून मंडळीत आणि प्रभुभोजनाच्या वेळी जातिभेद पाळणे बंद करावे असे बजावले. तंजावर आणि त्रिचनापल्लीच्या मंडळ्यांत वेगळे बसण्याची आणि वेगळा क्रम पाळण्याची चाल रूढ होती. तिथे त्या पत्रकाला कडवा विरोध झाला आणि अनेक जण मंडळी सोडून गेले.

पवित्र आत्म्याच्या कोइनोनियाचा उल्लेख करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या अखेरच्या आशीर्वचनात येतो. मराठी उपासनेच्या शेवटी ‘सहभागिता’ हा शब्द ऐकू येतो तो इथलाच. आत्म्यात मिळालेला वाटा की आत्म्याने निर्माण केलेली एकी, असा षष्ठीचा जुना वाद इथे आहे. आधीच्या दोन पदांत कृपा ख्रिस्ताकडून येते आणि प्रीती देवाकडून, म्हणून तिसरेही ‘आत्म्याकडून’ असे घ्यावे, हा एक पक्ष. पौलाची इतर ठिकाणची लकब पाहता ‘आत्म्यात वाटा’ हाच अर्थ घ्यावा, हा दुसरा. पौलाची सवय अधिक भरवशाची असल्याने दुसरा पक्ष बळकट वाटतो. तरी एकाच आत्म्यात वाटा असलेली माणसे एकमेकांशी जोडली जातातच, तेव्हा पहिला अर्थ दुसऱ्याच्या पोटात येतो.

प्रेषितांच्या कृत्यांत हे नाम फक्त एकदा, दुसऱ्या अध्यायाच्या 42व्या ओवीत आहे. प्रेषितांचे शिक्षण, कोइनोनिया, भाकर मोडणे आणि प्रार्थना या चार गोष्टींत पहिली मंडळी टिकून होती. कोइनोनिया म्हणजे काय, ते लूक पुढच्याच ओव्यांत दाखवतो. त्यांचे सारे सामाईक होते आणि ज्याला जशी गरज तसे वाटले जाई. इथे तो मित्रांविषयीच्या ग्रीक म्हणीचे पडसाद जाणूनबुजून उमटवतो, असे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि म्हणून हे चित्र कितपत ऐतिहासिक, असा प्रश्न येतो. मजकुरातले तपशील मात्र आदर्शचित्रापेक्षा खडबडीत आहेत. जमिनी विकण्याची क्रियापदे अपूर्ण भूतकाळात आहेत, म्हणजे गरज पडे तसे लोक विकत असत. एकाच दिवशी सर्वस्व जमा केले असे नाही. योहान मार्काच्या आईचे घर तिचेच राहिले होते. शेत विकून पैसे प्रेषितांच्या पायांशी ठेवणारा बर्णबा आहे, तसे रक्कम चोरून ठेवणारे अनन्या आणि सप्पीराही आहेत. शेत विकण्यापूर्वी तुझेच होते आणि विकल्यावर पैसेही तुझ्याच ताब्यात होते, असे पेत्र अनन्याला सांगतो. दोष पैसे राखण्याचा नव्हता, खोटे बोलण्याचा होता. पुढे विधवांच्या रोजच्या वाटपावरूनही कुरबुर झाली आणि त्यासाठी सात जण नेमावे लागले.

योहानाच्या पहिल्या पत्रात चार प्रयोग आहेत आणि चारही पहिल्या अध्यायात. जे पाहिले, ऐकले, हातांनी चाचपले ते सांगून ऐकणाऱ्यांना भागीत घ्यायचे, आणि ही भागी पिता व पुत्र यांच्याबरोबरची आहे, असा तिथला क्रम. पौल देवाबरोबरच्या कोइनोनियाविषयी इतके थेट बोलत नाही. योहान मात्र पडताळणीची कसोटीही देतो. अंधारात चालून ही भागी सांगणारा खोटा. तिसऱ्या अध्यायात तो संसाराची साधने असूनही गरजू भावाला पाहून मन घट्ट करणाऱ्याला तीच कसोटी लावतो. इब्री लोकांस पत्रात परोपकार आणि कोइनोनिया ही देवाला आवडणारी अर्पणे म्हटली आहेत. देवळातल्या यज्ञांची जागा वाटून खाण्याला मिळते. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात विश्वासू जन ‘दैवी स्वभावाचे वाटेकरी’ होतात. या एका वाक्प्रचारावर पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चने माणसाच्या दैवीकरणाची आपली शिकवण मोठ्या प्रमाणात उभारली.

नव्या करारानंतरच्या पिढ्यांनी शब्दाची आर्थिक बाजू लगेच सोडली नाही. ‘दिदाखे’ या आद्य शिक्षणग्रंथाचा युक्तिवाद असा : अविनाशी गोष्टींत भागी आहे, तर नाशवंत गोष्टींत किती अधिक असावी. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर रोममध्ये जस्टिन मार्टिर रविवारच्या सभेचे वर्णन करतो. त्यात भाकर आणि प्याला वाटल्यावर ऐपतदार लोक स्वेच्छेने देतात, ते अध्यक्षाकडे ठेवले जाते आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी व परके यांची सोय होते. चौथ्या शतकात मिसरमध्ये पाखोमियसने एकत्र राहणाऱ्या साधूंचे मठ स्थापले, तेव्हा त्या मठसमूहालाच ‘कोइनोनिया’ म्हणत. त्याच शतकाच्या उत्तरार्धात योहान ख्रिसोस्तोम याने करिंथकरांस पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायावर प्रवचन देताना ‘मेतोखे’ म्हणजे नुसता भाग घेणे आणि ‘कोइनोनिया’ म्हणजे एक होणे, असा फरक केला. पौलाने दुसरा शब्द निवडला तो काही अधिक सांगायचे होते म्हणून, असे त्याचे मत. पौल स्वतः त्याच परिच्छेदात दोन्ही कुळांतले शब्द जवळजवळ अदलाबदल करून वापरतो, म्हणून आधुनिक भाषाशास्त्र हा फरक जपूनच मान्य करते.

लॅटिनमध्ये शब्द फुटला. व्हल्गेट भाषांतरात कुठे ‘कोम्मुनिकातिओ’, कुठे ‘सोसिएतास’, तर रोमकरांस पत्रातील निधीसाठी ‘कोल्लातिओ’ असे वेगवेगळे शब्द आले. परिणामी वर्गणी, भागी आणि प्रभुभोजन यांमधला मुळातला धागा वाचकाच्या नजरेआड झाला. प्रेषितांच्या मतांगीकारातील ‘संतांची सहभागिता’ याचेही लॅटिन रूप दुअर्थी आहे. ते पवित्र जनांची एकी असेही सांगते आणि पवित्र वस्तूंमधला, म्हणजे संस्कारांमधला वाटा असेही.

विसाव्या शतकात शब्दाचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. जे. वाय. कॅम्बेल यांनी 1932 मध्ये दाखवले की मूळ कल्पना ‘कोणाबरोबर तरी कशात तरी वाटा असणे’ ही आहे, आणि ‘सहवास’ हा अर्थ दुय्यम. पुढच्याच वर्षी हाइनरिख झेझमन यांच्या जर्मन ग्रंथात देऊ करणे, वाटा असणे आणि समुदाय अशा तीन छटा वेगळ्या केल्या गेल्या. जॉर्ज पाणिकुळम यांचा 1979 चा ग्रंथ या अभ्यासातील भारतीय योगदान. 1980 मध्ये पॉल सॅम्प्ली यांनी फिलिप्पैची भागी म्हणजे रोमन कायद्यातील ‘सोसिएतास’, दोघांच्या संमतीने झालेली भागीदारी, असे सुचवले. त्यावर आक्षेप आले. 2014 मध्ये जुलियन ओझरो यांनी शिलालेख आणि पपायरस यांचा मोठा साठा तपासून त्या मताला नव्याने बळ दिले. गेल्या शतकातला अभ्यास अशा रीतीने शब्दाला पुन्हा हिशेबाच्या वहीकडे घेऊन गेला आहे, आणि पौलाच्या पत्रांशी हे जुळते.

याच काळात चर्चच्या ऐक्याच्या चळवळीने तो शब्द उलट दिशेने, वर उचलला. जागतिक चर्च परिषदेच्या 1961 च्या नवी दिल्ली अधिवेशनात ऐक्याच्या निवेदनात तो आला. 1985 च्या रोम येथील बिशपांच्या विशेष सभेने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा मध्यवर्ती विचार म्हणून ‘कोम्मुनिओ’चा उल्लेख केला. जागतिक चर्च परिषदेच्या 1991 च्या कॅनबेरा निवेदनाने चर्चचे ऐक्य म्हणजेच कोइनोनिया असे सूत्र मांडले, आणि 1993 मध्ये सांतियागो दे कोम्पोस्तेला येथील परिषदेचा विषयच तो होता. ग्रीक ऑर्थोडॉक्स धर्मशास्त्री योहान झिझिउलास यांनी तर अस्तित्वाचे स्वरूपच परस्परसंबंधाचे आहे, असे त्रैक्याच्या आधारे प्रतिपादन केले. या लेखनात खोली आहे, परंतु यरुशलेमेच्या गरिबांना त्यात फारशी जागा मिळत नाही. या अंगाची आठवण अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील अमेरिकस गावाजवळ 1942 मध्ये सुरू झालेल्या कोइनोनिया फार्मने ठेवली. फार्मचे एक संस्थापक क्लॅरेन्स जॉर्डन नव्या कराराच्या ग्रीकचे अभ्यासक होते. काळे आणि गोरे तिथे एकत्र राहत, एकत्र जेवत, आणि यासाठी 1950 च्या दशकात त्यांना बहिष्कार व गोळीबार सोसावा लागला. पुढे गरिबांसाठी घरे बांधणारी ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ ही संस्था याच वसाहतीतून उभी राहिली.

भारतात ऐक्याच्या चर्चेला प्रत्यक्ष फळ आले ते नागपुरात, 29 नोव्हेंबर 1970 रोजी, सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले तेव्हा. रोमन कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि प्रॉटेस्टंट चर्चमध्ये मात्र आजही सर्वसाधारणपणे एकाच मेजावरून भाकर घेतली जात नाही. शिकवणीत एकमत झाल्यावर एकत्र भोजन, की एकत्र भोजनातून एकमताकडे, हा त्यांच्यातला प्रमुख अनिर्णित मुद्दा आहे, आणि दोन्ही पक्ष आपला आधार करिंथकरांस पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायातच शोधतात.